वीजघराला मी लावलेला चुना

वीज कंपनीत पेंटर असतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या मामांनी विचारलं, कंपनीत कुठल्या खात्यात आहात. मी म्हटलं, रंग लावतो. त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवतोय. पुढे मांडवात ते माझी ओळख 'इलेक्ट्रिकमध्ये आहेत' अशी करून देत होते, आणि मीही त्यांना अडवलं नाही.

पण रस्त्यावरच्या खांबांचे आकडे कोण लिहितो? सबस्टेशनच्या दारावरचं नाव? पेटीवरची ती कवटी आणि खालची दोन हाडं? आता सगळं छापील चिकटवतात. आमच्या वेळी ते ब्रशने, हाताने व्हायचं. घाटकोपर, कांजूरमार्ग, गोवंडी, वाकोला एवढा आमचा पट्टा. डब्यात काळा, पिवळा आणि लाल रंग, खांद्याला शिडी आणि सायकल. तेहतीस वर्षं मी हेच केलं.

खांबाचा आकडा आम्हाला दुरुस्तीसाठी लागतो, पण वस्तीत तो लोकांचा पत्ता होऊन बसतो. गोवंडीला एकदा आकडे बदलायचं काम निघालं. एक बाई शिडीला धरूनच उभी राहिली. तिचा नवरा आखातात होता आणि त्याची पत्रं खांबाच्या आकड्यावर यायची. आकडा बदलला तर पत्र कुठे जाणार? मी नवा आकडा मोठा लिहिला आणि खाली बारीक अक्षरात जुना तसाच ठेवला. तसं करायचा नियम नव्हता. कांजूरमार्गला एका मिठाईवाल्याची तक्रार आली, की कवटी बरोबर त्याच्या गल्ल्याकडे बघते. जाऊन पाहिलं तर खरंच बघत होती. नवीन होतो तेव्हा माझ्या कवट्या जरा हसऱ्या निघायच्या, हेही मान्य करतो. ती पुसून मी पेटीच्या दुसऱ्या अंगाला काढली. दिवाळीला त्याने मला पावशेर मोतीचूर दिला.

हे सगळं हौसेने सांगण्यासारखं. पण मला लिहायचंय ते वाकोल्याच्या वीजघराबद्दल. त्यात माझी हौस कमी आणि चूक जास्त आहे.

उपनगरात पहिल्यांदा वीज आणली ती एका छोट्या कंपनीने. ती कंपनी कधीच संपली. तिला दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने. माझ्या नोकरीतच नाव दोनदा बदललं. पण त्या पहिल्या कंपनीने बांधलेली वीजघरं राहिली. आत काय, तर तारा येतात, दाब कमी करणारं यंत्र असतं आणि तारा बाहेर जातात. एवढ्याशा कामासाठी पत्र्याची शेड पुरली असती. पण लोक विजेला घाबरायचे. म्हणून असेल, त्या कंपनीने दगडी जोतं, कमानीच्या खिडक्या, वर कौलं अशी देखणी घरं बांधली आणि दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात आपलं नाव रंगवून घेतलं. नवी कंपनी आली की पहिलं काम पेंटरचं. जुनं नाव घालवायचं, नवं लिहायचं. म्हणजे माझी अर्धी नोकरी लिहिण्यात गेली आणि अर्धी पुसण्यात.

वाकोल्यात वरची पाखाडी म्हणून जुन्या ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरं आहेत. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता बहुतेक नोकरीला. पाखाडीतून मोठ्या रस्त्याला यायला एक वाट आहे. वाटेत लाकडी क्रूस आणि क्रुसाच्या पुढे वीजघर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला त्या वीजघराची वाटेकडची भिंत दिली. ऑर्डर अशी, की भिंत खरवडून साफ करा, भेगा-खड्ड्यांत लांबी भरा, करड्या ऑइलपेंटचे दोन हात द्या आणि मधोमध धोक्याची खूण काढा.

त्या भिंतीवर आधीचं काही लिहिलेलं होतं. दोन ओळी, हातभर उंचीची काळी अक्षरं. कुठल्या पेंटरने लिहिली कोण जाणे, पण त्याचा हात असा, की मी शिडी टेकवून पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. 'ल' आणि 'व' ची वळणं एका दमात काढलेली. सार्वजनिक वाट, येथे गाड्या व बैल बांधू नयेत, असा मजकूर. पूर्वी शेतावरून येणारे लोक भिंतीच्या कड्यांना बैल बांधून जात असणार.

वाईट वाटलं, असं आता म्हणतो. त्या दिवशी मला मुख्य म्हणजे ऊन लागत होतं. मे महिना, आणि ती अक्षरं जवसाच्या तेलात घोटलेल्या काजळीची. खरवडायला बसलो असतो तर तीन दिवस गेले असते. तेव्हा मी एक लबाडी केली. जवळच एका घराला चुना लावत होते, तिथून अर्धी बादली चुना आणला आणि अक्षरांवर फासला. वाळल्यावर त्यावर सरळ करडा रंग. चुन्यावर ऑइलपेंट धरत नाही हे शिकाऊ पेंटरलाही कळतं. वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटणार हे मला माहीत होतं. सुटले की पुन्हा रंग लावू, असं म्हणून मी कामाच्या वहीत 'भिंत खरवडून, लांबी भरून, दोन हात' असं लिहून खाली सही ठोकली. पापुद्रे सुटले, त्यावर दुसऱ्यांनी रंग लावले. मीही नंतर एकदा लावला. विषय संपला.

रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर एक दिवस घाटकोपरला माझ्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, काटक, काठापदराचं लुगडं, कपाळ मोकळं. बरोबर कोणी नाही. वाकोल्याहून दोन बस बदलून आली होती. मी वरच्या पाखाडीची फिलोमिना, असं सांगून म्हणाली, आमच्या भागातल्या एका लाइनमनने तिकडचा जुना पेंटर म्हणून तुझा पत्ता दिला. बसण्याआधीच तिने विचारलं, "आमच्या वीजघराच्या भितीवर काय लिवलेलं होतं, मना सांग. तुला आठवतं काय?"

मी मजकूर सांगितला. तेव्हा ती खाली बसली. मला म्हणाली, मी पाच वर्षांची असताना आजोबांनी मला त्या भिंतीवर अक्षरं शिकवली. सगळे म्हणतात, म्हातारीला भास होतो. आता तू म्हणालास, म्हणजे दोघं झालो.

मग पुढचं कळलं. वीजघराशेजारी मोठी इमारत झाली. बिल्डरने वाट आपल्या आवारात घेतली आणि तिच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. म्हणे हा सोसायटीचा खाजगी रस्ता. पाखाडीच्या लोकांना नाल्याच्या बाजूचा बोळ उरला. माणसं अंग तिरकं करून जातील एवढाच तो रुंद. पाखाडीने अर्ज केले. पालिकेतून विचारणा आली, की वाट सार्वजनिक आहे याला पुरावा काय? जुन्या नकाशात रेघ होती, पण ती वाट की शेताचा बांध, ते ठरेना.

हे सगळं चालू असताना तिचा नवरा, बाप्तीस, वारला. पाखाडीतलं मयत नेहमी त्या वाटेने जायचं. क्रुसाशी शवपेटी खाली ठेवायची, प्रार्थना म्हणायची, मग पुढे. त्या दिवशी गेटला कुलूप होतं. वॉचमन हात जोडून सांगत होता, की किल्ली मॅनेजरकडे आहे आणि मॅनेजर फोन उचलत नाही. तासभर वाट पाहून लोकांनी पेटी बोळातून नेली. बोळाच्या वळणावर ती आडवी वळेना.

"माज्या मानसाला उभा करून नेला," फिलोमिनामावशी म्हणाली. "पेटीत तो पायाकडं घसरला, तो आवाज मना ऐकू आला."

ती रडली नाही. पाणी प्याली आणि विचारलं, ते अक्षर परत काढता येईल का?

येईल की नाही, हे जगात एकट्या मला सांगता आलं असतं. नीट खरवडलेली भिंत असती तर काही उरलंच नसतं. पण मध्ये माझा चुना होता. वरचे रंग चुन्यापासून सुटतील, आणि चुना अक्षरांपासून. मी म्हणालो, प्रयत्न करू. भिंत मीच झाकली, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पाण्याचा रिकामा ग्लास हातात धरून ती बसली होती आणि माझ्याच्याने झालं नाही.

वीजघर अजून चालू होतं, त्यामुळे कंपनीची परवानगी लागणार. तिथल्या इंजिनीअर सावंत मॅडम माझ्या शेवटच्या वर्षी नवीन लागल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कंपनीला या भांडणात पडता येणार नाही, पण भिंतीचे पापुद्रे सुटलेत ते काढायला माझी हरकत नाही, असं म्हणून त्यांनी तेवढ्याच शब्दांचं पत्र दिलं. भिंत गेटच्या आत होती. पत्र पाहून वॉचमनने मला सोडलं. रोज सकाळी तोच मला बसायला प्लास्टिकची खुर्ची आणून द्यायचा. त्या मयताच्या दिवसाबद्दल त्याला काही बोलायचं होतं असं मला वाटायचं.

भिंतीला लांबी भरतात ती पातळ लोखंडी पट्टी घेऊन मी पंधरा दिवस बसलो. घाई केली तर खालचं अक्षर निघून येतं. पट्टी अगदी आडवी धरून पापुद्र्याखाली सरकवायची आणि तो आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. आधी हिरवा, मग सिमेंट रंग, मग निळा, मग माझा करडा. त्या करड्यावर मी काढलेली पहिली कवटी निघाली, तीसुद्धा हसरी. तिला काढताना विशेष काही वाटलं नाही. मागचा चुना ब्रशने झटकला आणि 'सा' दिसला. दुपारपर्यंत 'सार्व' झालं. फिलोमिनामावशी बोळातून वळसा घालून रोज यायची, वॉचमन तिलाही आत सोडायचा, आणि ती खुर्चीत बसून बघायची. मधेच उठून अक्षरावरून बोट फिरवायची आणि पुन्हा बसायची. माझ्यासाठी डबा आणायची. मी खाली मान घालून जेवायचो.

दुसरी ओळ शेवटाकडे आली तेव्हा पालिकेचे अधिकारी पाहणीला आले. पाटील साहेब म्हणून होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. बिल्डरचा मॅनेजर होता, पाखाडीचे वीसेक लोक होते. सावंत मॅडम आल्या होत्या आणि त्यांच्या काखेत एक फाटकी वही होती. स्टोअरमधून शोधून काढली म्हणाल्या, ही भिंत केव्हा रंगवली याची नोंद यात असेल. त्या चांगल्या मनाने घेऊन आल्या होत्या. ती वही मी लांबूनच ओळखली.

मॅनेजर भिंतीजवळ गेला आणि हसला. "साहेब, हा माणूस धंद्याने पेंटर आहे. पंधरा दिवस इथे बसून त्याने हेच केलंय. जुनं दिसेल असं अक्षर काढणं पेंटरला काय अवघड?"

पाखाडीचे लोक एकदम बोलायला लागले. पाटील साहेबांनी हात वर केला आणि वही मागितली. नोंद सापडली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. भिंत खरवडून, लांबी भरून, दोन हात. मॅनेजरला मग काही शिकवावं लागलं नाही. तो म्हणाला, भिंत खरवडली होती ना? मग खाली उरलं काय? आणि उरलं नसेल तर हे आलं कुठून?

फिलोमिनामावशी माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात काळजी नव्हती, माझ्याकडे उत्तर असणारच अशी खात्री होती.

पाटील साहेबांनी विचारलं, "ही सही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "आणि वर लिहिलंय ते खोटं आहे. मी भिंत खरवडली नाही. आळस केला. अक्षरांवर चुना फासला आणि त्यावर रंग लावला. म्हणून ती अजून आहेत."

माझ्या निरोप समारंभाला कंपनीने मला एक ढाल दिली होती. 'चोख कामाबद्दल' असं तिच्यावर लिहिलंय. सावंत मॅडम तेव्हा टाळ्या वाजवायला होत्या. आता त्या वहीकडे बघत राहिल्या. पण मी बघत होतो मावशीकडे. तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि तोंड क्रुसाकडे फिरवलं.

मॅनेजर म्हणाला, एकदा खोटं लिहिणारा दुसऱ्यांदाही खोटं बोलेल. त्याच्या बोलण्यात चूक नव्हती.

मी पाटील साहेबांना एवढंच म्हटलं, की शेवटच्या शब्दांवरचा रंग अजून काढायचाय. तुम्ही जागा दाखवा. त्यांनी पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. मी पट्टी पुढे केली, तर म्हणाले, तुम्ही नको. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पट्टी स्वतःच्या हातात घेतली. मी फक्त सांगत होतो, आडवी धरा, जोर नको. हिरवा सुटला. सिमेंट रंग सुटला. निळा, करडा. मग पांढरी भुकटी त्यांच्या बुटांवर पडली. त्यांनी रुमालाने जागा पुसली.

खाली 'धू' होता. आणि 'धू'च्या डोक्यावर एक टिंब.

मला ते रंगाचा शिंतोडा वाटलं. पाटील साहेब मात्र तिथेच थांबले. मागे सरकून त्यांनी पहिल्यापासून ओळ वाचली आणि 'येथे' वर बोट ठेवलं. तिथेही टिंब होतं. तेही मी शिंतोडा समजून घासून काढणार होतो, थोडक्यात वाचलं.

"बांधूं," ते टिंबासकट म्हणाले. "माझे वडील पत्रात असंच लिहायचे. येथें, बांधूं. आम्ही शाळेत गेलो तोवर ही टिंबं गेली होती." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इथे टिंब द्यायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी सातवी पास. मी खरं ते सांगितलं, की नाही. मी लिहिलं असतं तर टिंब दिलं नसतं.

त्यांनी फोटो काढले, रंगाचा एक पापुद्रा पाकिटात घातला, माझा जबाब लिहून घेतला. जबाबात माझी लबाडीही आली, आणि मी खाली पुन्हा सही केली. जाताना सावंत मॅडम मला एवढंच म्हणाल्या, की वही मी आधी वाचायला हवी होती. मी म्हटलं, मॅडम, मी आधी बोलायला हवं होतं.

फिलोमिनामावशी मला न भेटताच बोळातून निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी उरलेले दोन शब्द मोकळे केले. खुर्ची रिकामी होती, डबा आला नाही. मी दोनदा फोन केला. तिच्या सुनेने उचलला आणि मावशी झोपल्यात म्हणाली, दोन्ही वेळा.

दीड-दोन महिन्यांनी आदेश निघाला. वाट वहिवाटीची आहे, ती कुलूप लावून बंद करता येणार नाही. गेट काढून टाका, असं मात्र त्यात नव्हतं. पाखाडीला ते लागलं, कारण त्यांना गेटच नको होतं. शेवटी गेटची दोन्ही दारं उघडी करून भिंतीतल्या जुन्या कड्यांना तारेने बांधली. वीजघराचंही पुढे कठीणच आहे. तिथे आता लोखंडी पेटीतलं नवं यंत्र बसणार आणि घर पाडणार असं ऐकतो. निदान ती एक भिंत ठेवावी म्हणून सावंत मॅडमनी वर लिहिलंय. उत्तर आलेलं नाही.

या सगळ्यात मला बाकीच्या भिंती आठवायला लागल्या. कांजूरमार्गची, घाटकोपरची, आणखी कितीतरी. वाकोल्यानंतर मला काम चांगलं जमायला लागलं होतं. त्या भिंती मी दगड दिसेपर्यंत खरवडल्या. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न करतो. एखादा शब्द येतो, कधी नुसता एखाद्या अक्षराचा फराटा. पुढचं येत नाही.

बाप्तीसला वर्ष झालं, तेव्हाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, या म्हणून फिलोमिनामावशीचा निरोप आला. निरोप सुनेने दिला, पण नाव मावशीचं घेतलं. मी जायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. बायको म्हणाली, बोलावलंय ते जेवायला, फाशी द्यायला नाही. गेलो. मिस्सेनंतर घरात पंगत बसली. बाटलीत भरून ठेवतात त्या त्यांच्या लाल मसाल्यातलं मटण आणि गरम फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव. मला कोपऱ्यात जागा मिळाली. मावशी वाढायला आली. माझ्या पानात फुगे टाकले आणि तिथेच उभी राहिली.

"पयल्याच दिवशी बोलला असतास तर मी काय तुला मारला असता?"

मी म्हटलं, नाही. पण तुम्ही आला नसता परत.

"आले असते," ती म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या, मग आले असते." आणि आणखी दोन फुगे टाकून ती पुढच्या पानाकडे गेली.

निघताना मी सवयीने मागच्या दाराकडे, बोळाच्या बाजूला वळलो. ती ओट्यावरून बघत होती. तिने हातानेच मला परत फिरवलं.

"तिकडून कशाला? वाटेनं जा."

मी वाटेने गेलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. कोणीतरी क्रुसाच्या पायरीवर पिशवी टेकवून मोबाइल बघत होतं. क्लासला जाणाऱ्या दोन मुली बोलत बोलत माझ्या अंगावरून पुढे गेल्या, मागून एक पाववाला सायकलची घंटी वाजवत आला म्हणून मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. तोही गेला. भिंतीकडे कोणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या कामाला त्या वाटेने चालले होते.